भिवाचे बालपण आणि आपली माणसे





मूल जन्माला येते तेव्हा त्याला जात ठाऊक नसते. आपण कोण, हे त्याला भोवतालची माणसे सांगतात. कोणी पोटाशी धरून सांगते, तर कोणी तोंड फिरवून सांगते. आपल्या आयुष्यात सर्वांत मोलाची माणसे कोणती, याचा विचार आज आम्ही बाबासाहेबांच्या बालपणाच्या आधारे आपल्यापुढे मांडत आहोत.

1901 च्या सुमाराची गोष्ट. सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलाव खोदला जात होता. सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावले. भिवा, त्याचा भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले नवे सदरे, चकचकीत टोप्या आणि रेशीमकाठी धोतरे घालून निघाली. आगगाडी त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. आनंदाला पारावार नव्हता!

मसूर स्टेशनवर मात्र न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरांनी विचारपूस केली, तेव्हा भिवाने निरागसपणे आपली जात सांगून टाकली. त्यांचा चेहरा एकदम पालटला. गाडीवान तयार होईनात. दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एकजण कबूल झाला. जवळ जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही. लेकरे उपाशी झोपली. वडिलांना पाठविलेले पत्र नोकराने त्यांना दिलेच नव्हते, हे दुसऱ्या दिवशी कळले.

शाळेत वेगळे बसावे लागते, नळाला हात लावता येत नाही, हे भिवाला आधीही माहीत होते. पण ते त्याला रीतीचेच वाटत असे. या प्रवासाने पहिल्यांदा तो विचार करू लागला, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

मित्रहो, मग हा मुलगा खचला कसा नाही? कारण त्याच्यामागे माणसे होती. 1896 मध्ये आई भीमाबाई गेल्या, तेव्हा मीराआत्याने त्याला मायेने सांभाळले. परळच्या चाळीतील एका खोलीत वडील स्वतः जागून त्याला पहाटे दोनला अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी पैसे नसले, तर विवाहित मुलींकडे जाऊन उसने आणीत, त्यांचे दागिने गहाण ठेवीत. दोघांचे शिक्षण झेपेना, म्हणून भाऊ आनंदराव नोकरीला लागले. शाळेतील एक ब्राह्मण शिक्षक आपल्या डब्यातील भाजी-भाकरी त्याला देत. मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. ते पुस्तक 1898 मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्या बीजाचा वृक्ष 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात जगाने पाहिला.

आमच्या मते सर्वांत मोलाची माणसे हीच. स्टेशनमास्तरांकडे अधिकार होता, आत्याकडे काहीच नव्हते. तरी भिवाला माणूस म्हणून उभे केले ते आत्याने, वडिलांनी, बहिणींनी आणि भावाने.

आज शिकलेल्या प्रत्येक घरामागे असा एखादा आनंदराव आहे. कुणाच्या शिक्षणासाठी थोरल्या भावाने शाळा सोडली, कुणासाठी बहिणीने डोरले मोडले, कुणाची आई चार घरची भांडी घासून फी भरीत आली. विद्यार्थी मित्रहो, उद्या तुम्ही साहेब व्हाल. फ्लॅट घ्याल. त्या घराच्या दारात गावाकडचा हा भाऊ धुळीच्या पायांनी आला, तर त्याची ओळख चार लोकांत करून द्याल की त्याला आतल्या खोलीत बसवाल? त्याला लपविणारा माणूस मसूरच्या स्टेशनमास्तरांचीच नक्कल करीत असतो.

मंडळाच्या सभासदांना आमची एकच विनंती आहे. आपल्या वस्तीत आजही लहानगी मुले आहेत. एखाद्याला वही हवी असते, एखाद्याला दिव्याखाली बसायला जागा हवी असते, तर एखाद्याला केवळ पाठीवर हात हवा असतो. यासाठी मोठा निधी लागत नाही. या वर्षी प्रत्येकाने एका तरी मुलाचे केळुस्कर गुरुजी व्हावे, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!