सेल वेगळा, गट वेगळा

(कर्जत येथील युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नेरळ, दामत, कर्जत, खोपोली अशा ठिकाणांहून तुम्ही आला आहात. सकाळी तुमच्याकडून चिठ्ठ्या घेतल्या, त्यात निम्म्या जणांचा प्रश्न एकच आहे: मोठ्या पक्षात जावं का, आणि गेलो तर आपलं कोणी ऐकेल का?

मी खालापूर तालुक्यात एका मोठ्या पक्षात सहा वर्षं काढली. नाव घेत नाही, कुठलाही समजा. माझ्याकडे अल्पसंख्याक सेलचं पद होतं. इफ्तारचं नियोजन, ईदचे बॅनर, निवडणूक आली की मोहल्ल्यातली मतदार यादी, ही माझी कामं. एका बैठकीत मी कारखान्यांतल्या कंत्राटी पोरांचा पगार हा विषय काढला. एक पदाधिकारी हसून म्हणाले, "भाई, ते राहू द्या. कब्रस्तानच्या भिंतीचं काय झालं?" भिंत झाली, चांगली झाली. पण त्या कंत्राटी पोरांत आपली होती, तशी आगरी, मराठा, आदिवासी घरांतलीही होती, आणि त्यांचा पगार कुठल्याच सेलच्या कक्षेत बसत नव्हता.

सेल वरून नेमला जातो. गट कार्यकर्ते स्वतः बांधतात, तोही एखाद्या प्रश्नावर. पक्षात राहून पक्षाला डावीकडे ओढणारा असा गट आपल्याकडे होऊन गेला आहे, म्हणून त्याची गोष्ट सांगतो.

सविनय कायदेभंगाच्या काळात नाशिकच्या तुरुंगात काही तरुण एकत्र आले: जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता. स्वराज्य आल्यावर कुळाचं आणि कामगाराचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. नावात पक्ष असला तरी तो काँग्रेसच्या आतला गट. सभासद व्हायचं तर आधी काँग्रेसचं सभासद असावं लागे. पण घटना स्वतःची, बैठका स्वतःच्या, साप्ताहिकही स्वतःचं. हे ध्यानात घ्या. सेलकडे लेटरहेड असतं, यांच्याकडे कार्यक्रम होता.

संस्थापकांत मुंबईचे युसूफ मेहेरअली होते. १९२८ मध्ये सायमन कमिशनविरुद्ध मुंबईतल्या तरुणांना रस्त्यावर आणणारे ते हेच. 'सायमन गो बॅक' ही घोषणा त्यांची. 'क्विट इंडिया' हे शब्दही त्यांनीच सुचवले असं सांगतात. राजकारणापायी त्यांना वकिली करू दिली नाही. १९४२ मध्ये मुंबईचे महापौर म्हणून निवडून आले तेव्हा ते तुरुंगात होते. मुसलमान असणं त्यांनी कधी लपवलं नाही, पण या गटात ते मुसलमानांच्या कोट्यातून आले नव्हते. तरुणांच्या संघटनेतून आले, म्हणून त्यांना कोणी भिंतीपुरतं ठेवू शकलं नाही. आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यातल्या तारा गावी त्यांच्या नावाचं केंद्र आहे. जाऊन या.

गटानं मिळवलं काय? डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. तिथं शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला: खंड कमी करा, कर्जाचा बोजा उतरवा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या. यामागे समाजवाद्यांचा आणि किसान सभांचा रेटा होता. जमीनदारी रद्द करा, ही मागणी मात्र त्यात आली नाही. आत राहिलं की असं अर्धंमुर्धं हाती लागतं. त्याच काळात आपल्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं १९३३ पासून सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत. ठरावावर विसंबून ती माणसं बसली नाहीत. माझ्या मते आतला ठराव आणि बाहेरचा संप, दोन्ही लागतात. नुसत्या ठरावानं खोताला घाम फुटत नाही.

किंमतही मोजावी लागली. १९३९ ला त्रिपुरीत सुभाषबाबूंना कोंडीत पकडणारा ठराव आला, तेव्हा हा गट तटस्थ राहिला. काँग्रेस फुटू नये, ही सबब. डाव्यांतल्याच अनेकांनी त्यांना त्याबद्दल माफ केलं नाही, आणि त्यांचा राग मला पटतो.

आता आपल्या डोंगराकडे या. ९ ऑगस्ट १९४२ ला पुढारी पकडले गेले आणि वरून आदेश येणं थांबलं. भूमिगत चळवळ पुढे नेण्यात समाजवादी आघाडीवर होते. आपल्या भागात काँग्रेसचा एक कार्यकर्ता उभा राहिला: माथेरानचे वकील, नाभिक घरातले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोटवाल. त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील शहीद झाले. हे तुम्ही शाळेत ऐकलंय. कमी सांगितलं जातं ते आधीचं: सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, वाड्यापाड्यांवर शाळा काढल्या. रानात त्यांना भाकरी मिळाली ती त्या कामामुळे. पक्षाचं ओळखपत्र बघून कोणी भाकरी देत नाही.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसनं ठरवलं, आत वेगळी घटना असलेला गट चालणार नाही. मार्च १९४८ मध्ये पुन्हा नाशिकलाच जमून समाजवाद्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. त्याच सुमारास शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांचा काँग्रेसमधला शेतकरी-कामगार गटही वेगळा झाला. तोच शेकाप, रायगडात त्याचं बळ किती वर्षं टिकलं ते तुमच्या आजोबांना विचारा. समाजवाद्यांना पहिल्या लोकसभेत शंभरातली दहा-एक मतं मिळाली, जागा फक्त १२.

बाहेर पडायला नको होतं, असं माझं मत आहे. तुमच्यातल्या काहींना ते पटणार नाही. चहा घ्या, मग त्यावर भांडू. तोवर प्रत्येकानं कागदावर एक प्रश्न लिहा, तुमच्या गावातला, ज्यावर दुसऱ्या मोहल्ल्यातली, दुसऱ्या वाडीतली पाच माणसं तुमच्याबरोबर सही करतील.