संगणकाचा धनी कोण?
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



वार्षिक संमेलनात शिक्षण, व्यवसाय आणि विवाह या विषयांवर विचारविनिमय करण्याची आपली परंपरा आहे. आज आम्ही संगणकाविषयी बोलणार हे ऐकून काही तरुण मंडळींच्या मुद्रेवर स्मित उमटले, आणि ते स्वाभाविक आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले व उभा जन्म खडू-फळ्याशी घालविलेले. यंत्रविद्येचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु ज्या यंत्रात आज मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब आणि वधूवरांची माहिती राहते, त्या यंत्रावर सत्ता कोणाची, हा प्रश्न यंत्रविद्येपेक्षा नीतीचा अधिक आहे. आणि नीतीच्या प्रश्नावर दोन शब्द बोलण्यास शिक्षक अपात्र नसावा.

संगणक चालविणाऱ्या मूळ प्रणालीत तिची निर्माती कंपनी वेळोवेळी जे फेरफार पाठविते, त्यांस सर्वत्र ‘अपडेट’ असे म्हणतात. यांतील काही फेरफार अत्यावश्यक असतात. पावसाळ्यापूर्वी घराची शाकारणी करावी लागते, तसेच हे आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज प्रणालीतील एक छिद्र बुजविणारी दुरुस्ती प्रसृत केली. पुष्कळांनी ती बसविली नाही. पुढे १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रव त्याच छिद्रातून शिरला आणि सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले. ब्रिटनमधील सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया व रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. म्हणून जे कोणी ‘अपडेट मुळी नकोच’ म्हणतात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही.

परंतु शाकारणीस आलेल्या माणसाने कौले नीट लावून निघून जावे. त्याने न विचारता देव्हारा हलविला, ओटीवर आपल्या दुकानाची पाटी टांगली आणि भरपंगतीत ‘आता उठा, काम चालू करावयाचे आहे’ असे फर्माविले, तर कोणता गृहस्थ ते सहन करील? संगणकाच्या बाबतीत मात्र हे आपण निमूटपणे सोसतो.

याचे दाखले आहेत. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० ही प्रणाली निघाली व जुन्या ग्राहकांस ती एक वर्ष विनामूल्य देऊ केली गेली. दान स्वीकारावे की नाही हे घेणाऱ्याने ठरवावयाचे असते. परंतु २०१६ च्या मे महिन्यात अशी तऱ्हा झाली की, पडद्यावरील सूचनेची चौकट कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारून बंद केली, तरी प्रणाली बदलण्याची ठरलेली वेळ कायमच राही. मौन हे संमतीचे लक्षण मानतात; येथे नकारही संमती ठरला! कॅलिफोर्नियातील एका व्यावसायिक महिलेने, आपला संगणक या बदलामुळे निकामी झाला म्हणून दावा लावला, आणि त्याच वर्षी कंपनीला तिला १०,००० डॉलर द्यावे लागले. पुढे ऑक्टोबर २०१८ मधील एका मोठ्या अपडेटने काहींच्या स्वतःच्या फायलीच नाहीशा केल्या. कंपनीला ते वितरण काही दिवसांतच थांबवावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये तर विंडोज ११ च्या आरंभसूचीत नव्या सॉफ्टवेअरच्या शिफारशी, म्हणजे स्पष्ट बोलावयाचे तर जाहिराती, दिसू लागल्या. त्या कोणीही मागितल्या नव्हत्या.

आणखी एक गोष्ट आपल्या कुटुंबांच्या खिशाशी निगडित आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांस सुरक्षेच्या दुरुस्त्यांपुरती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देऊ केली गेली. विंडोज ११ साठी मात्र टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठराविक नवे प्रोसेसर लागतात. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसत नाहीत. परिणामी, ज्या संगणकात काडीचाही बिघाड नाही, तो कागदोपत्री म्हातारा ठरला. बापाने पोटाला चिमटा घेऊन मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेले यंत्र, ते चालत असता, भंगारात का घालावे?

मग आपण करावे काय? हताश होण्याचे कारण नाही, कारण जेथे लोक बोलले तेथे कंपनीला ऐकावे लागले, असा अनुभव आहे. फुलीच्या प्रकरणी ओरड होताच जून २०१६ मध्ये स्पष्ट नकाराची सोय झाली. घरगुती ग्राहकांना अपडेट ३५ दिवसांपर्यंत लांबविण्याची मुभा २०१९ मध्ये मिळाली. पडद्याची चित्रे दर काही क्षणांनी टिपून ठेवणारी ‘रिकॉल’ नावाची सोय मे २०२४ मध्ये जाहीर झाली, ती आरंभी आपोआप चालू राहणार होती. परंतु टीकेचा भडिमार होताच, मालकाने स्वतः चालू केल्यावाचून ती चालणार नाही, असे जूनमध्ये कंपनीने जाहीर केले. वधूवरांची जन्मतारीख, प्राप्ती व दूरध्वनी क्रमांक ज्या पडद्यावर उघडले जातात, त्या पडद्याविषयी ही काळजी अनाठायी होती असे कोण म्हणेल?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीही टाळू नयेत. मात्र प्रणालीतील ‘वापराचे तास’ ठरवून घ्यावेत, म्हणजे कामाच्या वेळी यंत्र आपणहून बंद होण्याची आपत्ती टळेल. दुसरी, प्रत्येक मोठ्या बदलापूर्वी हिशेब, छायाचित्रे व सूची यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती यंत्रापासून अलग ठेवावी. तिसरी, जुना पण धडधाकट संगणक टाकून देण्यापूर्वी त्यावर लिनक्सची एखादी विनामूल्य प्रणाली चालते का, हे पाहावे. तीवर देवनागरी लिहिता येते, पत्रे व तक्ते करता येतात. आपला छपाईयंत्र व हिशेबाचा कार्यक्रम तीवर चालतो की नाही, याची खात्री मात्र आधी करून घ्यावी. आपल्यातील संगणकशास्त्र शिकलेल्या तरुणांनी महिन्यातील एक रविवार मंडळाच्या कार्यालयात बसून वडीलधाऱ्यांना हे करून दिले, तर त्याहून मोठी ज्ञातिसेवा ती कोणती? त्यांस एकच विनंती: ज्येष्ठांच्या हातातून यंत्र काढून घेऊन भराभर बटणे दाबू नका. काय करीत आहा ते सांगा, आणि त्यांस विचारून करा. जी तक्रार आपण कंपनीविरुद्ध मांडतो, ती घरात आपल्याविरुद्ध कोणी मांडू नये.

बंधुभगिनींनो, नव्या विद्येला आमचा विरोध नाही. सुधारणा जरूर यावी. पण तिने दारावर थाप मारावी, आणि आतून ‘या’ असा शब्द आल्यावरच उंबरठा ओलांडावा.