ढोलकीचा ठेका आणि गुणपत्रिकेचे रकाने

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत लेखकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘नृत्यस्पर्धा आणि संस्कृतीची अस्सलता’ हा विषय आयोजकांनी मला दिला, तेव्हा मी त्यांना सांगितले की, माझे सारे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. पायात चाळ बांधण्याचा प्रसंग कधी आला नाही. ते म्हणाले, ‘‘तुम्ही एकदा परीक्षक होतात ना?’’ होतो. आणि त्या परीक्षकपणाचा सल अजून मनात आहे, म्हणूनच आज येथे उभा आहे. आधी तेच सांगतो.

काही वर्षांपूर्वी याच शहरातील एका लोकनृत्य स्पर्धेत मला परीक्षक म्हणून बसविण्यात आले. हाती गुणपत्रिका दिली. त्यात पाच रकाने : वेशभूषा, समूहाचा मेळ, ऊर्जा, नावीन्य आणि एकूण परिणाम. प्रत्येकी वीस गुण. बारा मुलींच्या एका संघाने ध्वनिमुद्रित गाण्यावर ‘लावणी’ सादर केली. एकसारख्या नऊवारी, एकसारखे हातवारे, शेवटी एकमेकींच्या खांद्यांवर चढून मनोरा. सभागृह दणाणून गेले. त्यानंतर एक मुलगी आली. सोबत एक वयस्क ढोलकीवादक आणि एक पेटीवाले. ती मांडी घालून बसली आणि एकच ओळ आठ-दहा परींनी खुलवीत राहिली. कधी रुसवा, कधी आर्जव, कधी नुसती भुवई. उठली ती शेवटच्या मिनिटात, ढोलकीच्या तोड्यावर. समूहाचा मेळ या रकान्यात तिला मी काय द्यावे? ऊर्जेच्या रकान्यात काय? मी प्रामाणिकपणे गुण मांडले आणि मनोरा पहिला आला. बाहेर पडताना ते ढोलकीवादक समोर आले. हात जोडून म्हणाले, ‘‘साहेब, पोरीचं कुठं चुकलं, तेवढं सांगा.’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आता जरा दूरचा प्रवास करू. आपल्या कोथरूड-औंधच्या मुलामुलींना आज साल्सा ठाऊक आहे, त्याचे वर्ग पुण्यात चालतात. आपल्यापैकी अनेकांना तो निव्वळ पाश्चात्त्य थिल्लरपणा वाटतो. परंतु त्या नृत्याच्या घरात डोकावून पाहिले, तर तेथेही आपल्यासारखेच भांडण चालू असल्याचे दिसते. क्युबाच्या ‘सोन’ नावाच्या लोकसंगीतात त्याचे मूळ. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचा ताल आणि स्पेनची गिटार यांच्या संयोगातून ते संगीत जन्मले. पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या क्युबन आणि पोर्तो रिकोच्या लोकांनी ते आपल्या वस्त्यांत वाढविले. १९६४ साली स्थापन झालेल्या फानिया या ध्वनिमुद्रिका कंपनीने ‘साल्सा’ हे नाव जगभर विकले. साल्सा म्हणजे तिखट चटणी! टिटो प्युएन्ते या थोर वादकाला हे नावच रुचत नसे. आपण वाजवतो ते क्युबाचे संगीत, असे तो आग्रहाने सांगे. हवानामध्ये तेच नृत्य ‘कासिनो’ म्हणून वर्तुळाकार नाचले जाते, कोलंबियातील काली शहरात पावलांची विलक्षण चपळाई दाखवून, तर न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांच्यात वाद असा की, पुढची झेप तालाच्या पहिल्या मात्रेवर घ्यायची की दुसऱ्या! आपल्याला हे हास्यास्पद वाटेल. पण आपल्या घराण्यांचे वाद आठवा. परक्याला तेही तसेच वाटतील.

त्या वादातील खरा मुद्दा मात्र मात्रेचा नाही. साल्सा हे मुळात गल्लीतले, घरातले, लग्नसमारंभातले नृत्य. त्याच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या आणि नर्तक परीक्षकांसाठी नाचू लागले. जोडीदारिणीला डोक्यावर उचलणे, गिरक्यांची संख्या वाढविणे यांना महत्त्व आले, आणि वस्तीतले जुनेजाणते म्हणू लागले की, यात आमचे संगीत कोठे आहे? वादकाने ठेका बदलला तरी यांचे पाऊल बदलत नाही, कारण यांनी सारे आधीच पाठ केलेले आहे! हे वाचले तेव्हा मला तो मनोरा आठवला.

आता कोणी म्हणेल, स्पर्धा हीच मुळात परकी कल्पना आहे. तसे नाही. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे सामने शतकानुशतके झडत आले. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. एकाने कूट घालायचे, दुसऱ्याने जागेवर कवन रचून ते सोडवायचे. रात्र सरायची, पण सवाल-जवाब सरत नसत. निवाडा कोण करी? समोर घोंगडीवर बसलेला शेतकरी, ज्याला पुराणकथाही ठाऊक असत आणि छंदही. अर्थात तेथे स्पर्धा कलेच्या पोटातून उगवली होती. आज ती वरून लादली जाते, आणि दुसऱ्याच खेळाचे नियम घेऊन येते. दोहोंत फरक हा एवढाच, पण तो मोठा आहे.

लावणीच्या बाबतीत आपण, म्हणजे संस्कृतीचा अभिमान बाळगणारी पांढरपेशी मंडळी, फारसे निर्दोष नाही, हे मला येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपल्याच विचारांचे एक स्नेही मला म्हणाले, ‘‘लावणी ही आपली संस्कृती नव्हेच, ती उत्तर पेशवाईतील विलासाची देणगी.’’ मी त्यांना विचारले, तुमच्या घरी पहाटे जी घनश्यामाची भूपाळी म्हटली जात असे, ती कोणाची? होनाजीची! म्हणजे फडावर शृंगाराची लावणी रचणाऱ्या होनाजी शिलारखाने या गवळ्याची. त्याचा जोडीदार बाळा कारंजकर. सोलापूरचे राम जोशी लावणीकार म्हणून गाजले आणि पुढे मोरोपंतांच्या आर्या कीर्तनात गाऊ लागले. परशराम शिंपी, सगनभाऊ शिकलगार मुसलमान, प्रभाकर आणि अनंत फंदी ब्राह्मण. जातीपातींच्या भिंती उंच असताना त्या काळी ज्या एका अंगणात ही सारी मंडळी एकत्र दिसतात, ते अंगण आपले नव्हे म्हणायचे? तमाशाच्या फडावर आधी गण होतो, गणेशाला आवाहन होते, मग गौळण, मग पुढचे सारे. ज्यांना हे ‘असंस्कृत’ वाटते, त्यांच्या डोळ्यांवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातला चष्मा आहे. इंग्रज गेला, चष्मा राहिला.

तो चष्मा स्वातंत्र्यानंतरच्या राज्यकर्त्यांनीही उतरविला नाही. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, १९४८ च्या सुमारास, तमाशावर बंदी आली. शेकडो कलावंतांच्या चुली विझण्याची वेळ आली. पुढे गाऱ्हाणी गेली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणा समिती नेमली गेली, आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर खेळ पुन्हा उभे राहिले. हेतू वाईट नव्हता, हे मान्य करू. परंतु ‘सुधारणा’ म्हणजे काय, हे ठरविताना फडावरच्या स्त्रीच्या शब्दाला किती वजन मिळाले असेल, याचा विचार केला की मन खिन्न होते.

आणि आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण पाहा. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवितात. त्या गावाचे नाव देशभर नेणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी जवानांच्या मनोरंजनासाठी ही बाई सीमेकडे गेली होती. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, तोही दोनदा. आणि २००२ च्या जानेवारीत ती गेली, तेव्हा तिचे अखेरचे दिवस कसे हलाखीत गेले, हे वृत्तपत्रांतून छापून आले. मीही त्या वेळी चार ओळी लिहिल्या. जिवंतपणी किती लिहिल्या होत्या, हे विचारू नका. २००६ पासून राज्य सरकार तिच्या नावे पुरस्कार देते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. तो टाळून चालणार नाही. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. पवळाबाई महार समाजातील. त्या जोडीचा लौकिक असा की, लोक बैलगाड्या जोडून येत. बापूरावांनी खेळाचे उत्पन्न चळवळीसाठी देऊ केले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले, अशी आठवण सांगितली जाते. आपल्या समाजाच्या मुलींना नाचवून मिळालेला पैसा नको, हा त्यामागील भाव. आणि किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ हे १९९४ चे आत्मकथन ज्यांनी वाचले, त्यांना तमाशाच्या कनातीमागे आईची आणि लेकराची काय दशा होते, हे ठाऊक आहे. डॉक्टर झालेला हा तरुण २००७ मध्ये अपघातात गेला. ही दोन्ही उदाहरणे समोर असताना नुसता ‘परंपरा, परंपरा’ असा घोष करणे निर्दयपणाचे होईल. कला राखायची, आणि ती राखणारीचे दैन्यही राखायचे, याला संस्कृतिरक्षण म्हणत नाहीत. दौलतजादा करणाऱ्याचा हात आणि पुरस्कार देणाऱ्याचा हात पुष्कळदा एकाच माणसाचा असतो, एवढे लक्षात ठेवावे.

मग अस्सल कशाला म्हणावे? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे, लावणीचा प्राण शब्द, ताल आणि अदा यांच्या तत्क्षणी होणाऱ्या संवादात आहे. नऊवारीच्या काठावर किंवा चाळांच्या संख्येवर तो अवलंबून नाही. ढोलकीवाला गायिकेकडे पाहतो, ती श्रोत्याकडे पाहते, आणि ओळ दर वेळी निराळी होते. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी वार्धक्यात बसून केलेल्या बैठकीच्या लावण्या ज्यांनी ऐकल्या, त्यांना हे सांगावे लागणार नाही. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्या गेल्या, तेव्हा वय शंभरीच्या पुढे होते. या स्त्रीला ‘ऊर्जा’ या रकान्यात मी किती गुण दिले असते, असे कधी कधी मनात येते आणि लाज वाटते.

चित्रपटांनी लावणी बिघडविली, हे सरसकट विधानही मला मान्य नाही. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात विजयानंदला शंभराहून अधिक आठवडे चालला, त्याने लावणी माजघरापर्यंत पोहोचविली. मात्र चित्रपटातील गाणे चार मिनिटांचे, ठराविक हावभावांचे. तेच प्रमाण मानले गेले आणि मूळ फडावरच्या बायकाच त्याची नक्कल करू लागल्या. पुढे ढोलकीच्या जागी डीजे आला. २०२२-२३ मध्ये डीजेवरच्या नाचांवरून महाराष्ट्रात केवढे रण माजले, ते आपण पाहिले. त्या वेळी बव्हंशी टीका एका तरुण नर्तिकेवर झाली. बोलावणारे, सुपारी देणारे, वाढदिवसाच्या मांडवात शिट्या मारणारे पुढारी नामानिराळे राहिले. वादात अश्लीलतेची चर्चा पुष्कळ झाली. ढोलकीवाल्याची भाकरी गेली, याची चर्चा कोणी केली नाही.

उपाय? अकलूजला मोहिते-पाटील मंडळींनी नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी सुरू केलेली लावणी स्पर्धा दाखविते की, ठरविले तर स्पर्धाही परंपरेला बळ देऊ शकते. संगीतबारीतल्या पार्ट्यांना तेथे मानाचे व्यासपीठ लाभले, पारंपरिक लावण्या पुन्हा बसविल्या गेल्या. दुसरे काम अधिक कठीण. भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी यमगरवाडीत आणि चिंचवडच्या गुरुकुलात गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले, शाळेचे पुस्तक आणि घराण्याचे कौशल्य ही दोन्ही मुलांच्या हाती देण्याचे, तेच फडावरच्या लेकरांसाठी व्हायला हवे. मुलीने नाचावे की डॉक्टर व्हावे, हे तिने ठरवावे, आणि नाचायचे ठरविले तर मान खाली घालावी लागू नये. समरसता हा शब्द आपण भाषणात सहज उच्चारतो. चौफुल्याच्या कलाकेंद्रातील एखाद्या ढोलकीवादकाला आपण आपल्या घरच्या गणपतीत आरतीला बोलावले आहे का? मीही बोलावलेले नाही.

त्या स्पर्धेच्या दुसऱ्या वर्षी मी आयोजकांना एक नवी गुणपत्रिका तयार करून पाठविली होती. रकाने चार : शब्दांची समज, अदा, ढोलकीशी संवाद, आणि जागेवर सुचलेले काही. ध्वनिमुद्रित गाणे नको, साथीदार प्रत्यक्ष हवेत, आणि तीन परीक्षकांपैकी एक तरी फडावर आयुष्य घालविलेली स्त्री असावी, असेही लिहिले. उत्तर आले नाही. मला पुन्हा बोलावणेही आले नाही, हे ओघाने आलेच. तिच्या काही प्रती आज मी आणल्या आहेत. आपल्यापैकी गणेशोत्सव मंडळांचे, शाळा-महाविद्यालयांचे जे कार्यकर्ते असतील, त्यांनी जाताना दाराशी ठेवलेल्या टेबलावरून एकेक घेऊन जावी.