ब्रिटनीचा बेत



पॅरिसमध्ये पाककला शिकत असताना आमच्या वर्गाच्या तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडीला फ्रान्सचा एकेक प्रांत दिला. सबंध जेवण त्याच प्रांताचं रांधायचं, शेजारच्या प्रांतातलं काही उसनं आणायचं नाही. आमच्या वाट्याला ब्रिटनी आला, अटलांटिक समुद्रात घुसलेला वायव्येचा प्रांत. तुकडीत एक कोरियन मुलगी, ब्राझीलची एक, लियोंचा एक मुलगा आणि मी वेंगुर्ल्याची.

बेत ठरवायला बसलो आणि पहिली चर्चा झाली ती लोण्यावर. उरलेल्या फ्रान्समध्ये स्वयंपाकाला बहुतेक अळणी लोणी वापरतात, ब्रिटनीत खारं. लियोंच्या मुलाला ते पटेना. मग शिक्षकांनी कारण सांगितलं. राजेशाहीच्या काळात फ्रान्समध्ये मिठावर कर होता, त्याचं नाव गाबेल. काही प्रांतांत तो इतका जबर होता की गरिबाला मीठ जपून वापरावं लागे. ब्रिटनी १५३२ मध्ये फ्रान्सच्या राज्याला जोडला गेला, पण त्याच्या जुन्या सवलती टिकल्या आणि हा कर त्याला लागू झाला नाही. लोण्यात मीठ घालून ते टिकवणं तिथल्या शेतकऱ्याला परवडत राहिलं. १७९० मध्ये गाबेल रद्द झाला, तरी जिभेची सवय गेली नाही. मिठाच्या करापायी माणसांचं काय होतं हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह आमच्याच तालुक्यातला.

मीठ आम्ही गेरांदचं आणलं. आजच्या नकाशात गेरांद ब्रिटनी विभागाच्या बाहेर पडतं, पण इतिहासानं ते ब्रिटनीचंच. तिथल्या मिठागरांचा तळ चिकणमातीचा, म्हणून जाडं मीठ करड्या रंगाचं निघतं. उन्हाळ्यात पाण्यावर मिठाचा पातळ पापुद्रा धरतो. तो अलगद वरच्या वर काढून घेतात. त्याला फ्लर द सेल म्हणतात आणि ते शिजवत नाहीत, वाढताना वरून भुरभुरवतात.

गालेत, म्हणजे तिथले कुट्टूच्या पिठाचे घावन, माझ्याकडे आले. ब्रिटनीच्या हलक्या, आम्ल जमिनीत गहू नीट येत नसे, तिथे कुट्टू तगला. त्याचं पीठ, पाणी आणि जाडं मीठ एवढंच. पीठ मुरू द्यायचं, मग सपाट लोखंडी तव्यावर लाकडी फिरकीनं पसरायचं. घावन घालणाऱ्या हाताला ते लवकर वश होतं. कुट्टूच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून तवा चांगला तापलेला हवा आणि हात थांबता कामा नये.

खरा कस लागला कोत्रियादला. हे कोळ्यांचं कालवण: कांदे, बटाटे आणि त्या दिवशी जाळ्यात येईल ती मासळी. घट्ट मांसाचे मासे आधी, नाजूक शेवटी. रस्सा पावावर ओतून वेगळा खायचा, मासे-बटाटे वेगळे. ब्राझीलची मुलगी मासे साफ करून कडकपणानुसार ओळीनं मांडत होती, कोरियन मुलगी पातेल्यापाशी उभी राहून एकेक मागत होती. ती म्हणेल तेव्हाच मासा पुढे जायचा, आधी नाही. मी तव्याजवळून ओरडून वेळ सांगत होते. चार देशांच्या चार जिभा, पण त्या तासाभरात आमची भाषा एकच होती. एकट्यानं कोत्रियाद करता येतो; मात्र त्यातला क्रम किती महत्त्वाचा आहे हे मला चौघांत उभं राहूनच कळलं.

गोडाला क्विन्यामान हा लोण्या-साखरेचा केक, दुआर्नने गावचा. पारंपरिक प्रमाण ४० भाग पावाची कणीक, ३० भाग लोणी, ३० भाग साखर. लोणी अर्थात खारं. तो खाल्ल्यावर लियोंच्या मुलानं वाद मिटवला.

तिथे आम्हांला एकच प्रांत दिला होता; आपल्याकडे मात्र हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना 'महाराष्ट्रीय जेवण' शिकवताना अनेकदा कोल्हापूर, नागपूर आणि मालवण एकाच ताटात वाढतात. त्यातून तीन पाककृती शिकून होतात, पण एकही गाव कळत नाही. कुणी शिक्षक ऐकत असतील तर त्यांना माझी विनंती आहे. येत्या सत्रात एका तुकडीला एकच तालुका द्या. तिथलं मीठ कुठून येतं, तांदूळ कुठला, आंबटाला कोकम का आणि चिंच का नाही, हे मुलांनी तिथल्याच माणसांना विचारावं आणि मग सगळ्यांनी मिळून त्या तालुक्याचं अख्खं जेवण रांधावं.