औषधाच्या पट्टीवरील अक्षरें

'चाळिशी' हा एकच शब्द आपल्या भाषेनें वयालाहि लावला आणि चष्म्यालाहि लावला, यांत तिचें शहाणपण दिसतें. चाळीस वर्षांच्या सुमारास डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी होऊं लागते व जवळचें बारीक अक्षर धूसर दिसतें. पुढें साठी-सत्तरीला मोतीबिंदूची भर पडली, म्हणजे वर्तमानपत्राचे मथळे तेवढे वाचतां येतात. आणि नेमक्या याच वयांत माणसाच्या उशाशीं औषधांची गर्दी होते. ज्याला वाचण्याची गरज अधिक, त्याचीच दृष्टि अधू. आणि गोळ्यांच्या पट्टीवरील अक्षर मात्र मुंगीच्या पावलाएवढें!

श्रोतेहो, त्या पट्टीवर काय छापलेलें असतें तें प्रथम पाहूं. १९४५ च्या औषध-नियमांप्रमाणें औषधाचें नांव, उत्पादकाचें नांव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत संपण्याचा महिना हीं द्यावीं लागतात. मुदतीचा महिना दिला असला, तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध चालतें. पहिल्या तारखेलाच तें टाकून देण्याचें कारण नाहीं. २०१८ सालापासून बहुतेक औषधांचें मूळ नांव व्यापारी नांवापेक्षां दोन मापें मोठ्या टाइपांत छापावें, असाहि नियम झाला आहे. हा नियम वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. रक्तदाबावरील 'अम्लोडिपिन' हें एकच औषध अनेक व्यापारी नांवांनीं विकलें जातें. एका नांवाची गोळी संपली म्हणून दुकानदारानें दुसऱ्या नांवाची दिली, आणि घरीं जुन्या पट्टींत चार गोळ्या उरलेल्या असल्या, तर आजोबा दोन्ही निराळ्या समजून दोन्ही घेत राहतात. मग पाय सुजतात, उठतांना चक्कर येते, आणि दोष म्हातारपणाच्या माथीं मारला जातो.

हें मूळ नांव वाचण्याच्या कामीं मोबाईलचा सर्वांत मोठा उपयोग सर्वांत साधा आहे. पट्टीचें छायाचित्र घ्यावें व दोन बोटांनीं पडद्यावर मोठें करावें. पट्टीचा वर्ख चकाकतो. म्हणून फ्लॅश बंद ठेवून खिडकीपाशीं पट्टी किंचित् तिरपी धरावी. पट्टी कात्रीनें कापून विकण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि मुदतीची तारीख हटकून दुसऱ्याच्या तुकड्यावर जाते! कापण्यापूर्वीं सबंध पट्टीचें छायाचित्र घेऊं द्या, असें दुकानदाराला सांगण्यांत संकोच कसला? गूगल लेन्ससारखीं साधनें छापील मजकूर ओळखून मोठ्यानें वाचून दाखवितात. शिवाय १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडांच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणें सक्तीचें झालें असून मूळ नांव, बॅच व मुदत हा मजकूर त्यांत सांठविलेला असतो.

यांत्रिक भाषांतरावर मात्र विसंबून राहूं नये. इंग्रजींत 'एकदां' या अर्थाचा जो 'वन्स' शब्द, त्याच चार अक्षरांचा स्पॅनिशमध्यें अर्थ होतो 'अकरा'. दिवसांतून एकदां घ्यावयाच्या गोळीचें यावरून काय होईल, तें सांगावयास नको. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांतील औषधदुकानांच्या, २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, संगणकानें तयार केलेल्या स्पॅनिश सूचनांमध्यें इंग्रजी शब्दांची सरमिसळ व चुका विपुल आढळल्या होत्या.

पण खरी मेख निराळीच आहे. पट्टी कितीहि मोठी करून वाचली, तरी गोळी केव्हां घ्यावयाची हें तिच्यावर बहुधा नसतेंच. 'डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणें' एवढेंच असतें. संधिवातावर दिलें जाणारें मेथोट्रेक्सेट घ्या. तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. तेंच चुकून रोज घेतलें गेल्यास हाडांतील मज्जेचें रक्त तयार करण्याचें काम खुंटतें, आणि अशा चुकीनें माणसें दगावल्याचीं उदाहरणें अनेक देशांत नोंदलेलीं आहेत. पट्टी वाचणाऱ्या यंत्राला त्या वाराचा पत्ता नसतो. तो वार डॉक्टरांच्या चिठ्ठींत असतो, आणि त्या हस्ताक्षराविषयीं न बोललेलें बरें. दुकानदार पाकिटावर '१-०-१' असें लिहून देतो, पण तें पाकीट आठवड्याभरांत फाटतें.

तेव्हां मोबाईलचें खरें काम पट्टी आणि चिठ्ठी यांची गांठ घालण्याचें आहे. डॉक्टरांची परवानगी घेऊन त्यांच्याच तोंडचे शब्द ध्वनिमुद्रित करावे. प्रत्येक पट्टीच्या छायाचित्राखालीं घरच्या माणसाच्या आवाजांत दोन वाक्यें ठेवावीं: 'आई, ही संधिवाताची. फक्त रविवारीं, जेवल्यावर.' मुलगी पुण्यास असो कीं अमेरिकेस, एवढें तिला पाठवितां येतें. गजरालाहि औषधाचें नांव द्यावें. नुसत्या घंटेनें कोणती गोळी तें कळत नाहीं. गोळीच्या रंगावर मात्र भिस्त ठेवूं नये, कारण उत्पादक बदलला कीं रंगहि बदलतो.

हें सारें आजी-आजोबांनीं स्वतःच्या बोटांनीं करावें. आमचीं तरुण मंडळी शिकविण्याच्या नांवाखालीं फोन हातांतून काढून घेतात, चार ठिकाणीं टकटक करतात आणि 'झालें!' म्हणून परत देतात. झालें तें त्यांच्यापुरतें. एका संध्याकाळीं एकच पट्टी, आणि ती तीनदां. अक्षरांचें माप मोठें करून ठेवावें, पडद्यावर चित्रें मोजकींच असावीं. दुकानदाराचा व डॉक्टरांचा क्रमांक पहिल्याच पानावर असावा. आणि नव्या पट्टीवरील मूळ नांव किंवा मात्रा जुन्या छायाचित्राशीं जुळली नाहीं, तर गोळी तशीच बाजूला ठेवून लगेच त्यांपैकीं एक क्रमांक लावावा.