घड्याळाचं किती ऐकायचं?



हल्ली पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पळणाऱ्या मुली दिसतात. बहुतेकींच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. आपल्या राज्यात पोलीस शिपाई भरतीला मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटर धावण्याला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण. म्हणजे ५० पैकी ३५ गुण पायांवर मिळवायचे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक आणलं. खेड्यातली मुलगी पळू शकते का, हा प्रश्न आता उरलेला नाही. तिने अंगाला न दुखवता कसं पळावं, हा प्रश्न आहे.

आमच्या गटाने वर्गणी काढून गावातल्या सहा मुलींसाठी धावण्याचं एक घड्याळ घेतलं. हे घड्याळ वेळ दाखवतं, किती अंतर पळालो ते सांगतं आणि हृदयाचे ठोके मोजतं. वर्षभर आम्ही ते वापरतोय. त्याचा कोणता आकडा धरायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे आज सांगणार आहोत.

आधी ते चालतं कसं ते बघू. घड्याळ उलटं केलं की पाठीला हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. तो उजेड कातडीत शिरतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा उजेड कमी होतो. दोन ठोक्यांच्या मधे तो पुन्हा वाढतो. या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. अंतर मात्र आकाशातल्या उपग्रहांकडून कळतं, त्याला जीपीएस म्हणतात. हात किती वेळा हलला ते टिपणारा एक छोटा भागही आत असतो, त्यावरून पावलं मोजली जातात.

हे कळलं की घड्याळ कधी चुकतं तेही कळतं. पट्टा सैल असला तर बाहेरचा उजेड आत शिरतो. म्हणून पळताना घड्याळ मनगटाच्या हाडाच्या एक बोटभर वर, नीट आवळून बांधायचं. बांगड्या त्या हातात नकोत, त्या घड्याळाला सारख्या ढकलतात. मनगटावर गोंदलेलं असेल तर गोंदणाची शाई उजेड अडवते, मग घड्याळ दुसऱ्या हाताला बांधावं. थंडीच्या पहाटे कातडीतलं रक्त आत ओढलेलं असतं, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांचे ठोके खरे धरू नयेत. दहा मिनिटं चालून अंग गरम करावं, मग बघावं. आणि एक गंमत. कधीकधी घड्याळ ठोक्यांऐवजी पावलांचाच ताल मोजतं. पळताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं पडतात. आरामात पळत असताना घड्याळ एकदम १७५ ठोके दाखवू लागलं तर घाबरायचं नाही. थांबायचं, दोन बोटं मनगटावर नाहीतर मानेच्या बाजूला ठेवायची, १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. ही जुनी रीत प्रत्येक मुलीला आलीच पाहिजे. नवीन घड्याळ घेताना दुकानातसुद्धा याच रीतीने ताडून बघा.

अंतराचंही तसंच. घराबाहेर पडल्या पडल्या पळायला सुरुवात करू नका. घड्याळाने उपग्रह पकडले की ते तसं दाखवतं, तोवर मोकळ्या जागी उभं राहा. दाट झाडीत आणि डोंगराच्या कडेला त्याचा हिशेब काही मीटरने हुकतो. पाच किलोमीटरच्या पळण्यात ते चालून जातं, १०० मीटरमध्ये चालत नाही. म्हणून १०० आणि ८०० मीटरसाठी आम्ही शाळेच्या मैदानावर टेप लावून २०० मीटरची फेरी आखली. चार फेऱ्या झाल्या की ८०० मीटर. तिथे घड्याळाचा उपयोग फक्त वेळ मोजायला. प्रत्येक फेरीला बटण दाबलं की त्या फेरीची वेळ वेगळी निघते. पहिली फेरी जोरात आणि चौथीला दम संपलेला, ही सगळ्या नवख्या मुलींची खोड त्या चार आकड्यांत लगेच दिसते.

आता मुख्य गोष्ट, ठोके. वीस वर्षांच्या मुलीचे जास्तीत जास्त ठोके किती, याचा ढोबळ हिशेब २२० वजा वय, म्हणजे २००. हा ढोबळच आहे. दोन मुलींमध्ये दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. आरामाच्या पळण्यात त्याच्या साधारण ६० ते ७५ टक्के, म्हणजे १२० ते १५० ठोके असावेत. याची बिनखर्चाची खूणही आहे. पळता पळता शेजारणीशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलता आलं नाही तर वेग जास्त झाला.

आमच्या मुली रोजच जीव तोडून पळत होत्या. घड्याळ आल्यावर आठवड्यातले दोन दिवस जोराचे आणि बाकीचे आरामाचे अशी वाटणी झाली, एक दिवस पूर्ण सुट्टी. जोराच्या दिवशी ४०० मीटरच्या चार खेपा पळायच्या आणि मधे ठोके १२० च्या आसपास येईपर्यंत चालायचं. आरामाच्या दिवशी ठोके वर गेले की वेग कमी करायचा, लाज वाटून घ्यायची नाही. हळू पळायला शिकवणं हा या घड्याळाचा सगळ्यात मोठा उपयोग आम्हाला वाटतो. गुडघे आणि नडग्या दुखण्याच्या तक्रारी त्यानंतर कमी झाल्या.

घड्याळ एक आणि मुली सहा. घड्याळात वय आणि वजन भरावं लागतं, त्यावरून ते बरंच काही ठरवतं. ते हातोहात फिरलं की त्याच्या पोटातली सरासरी कुणाचीच राहत नाही. म्हणून आम्ही वही घातली, अगदी गटाच्या हिशेबाच्या वहीसारखी. तारीख, झोप किती, कुठला रस्ता, किती वेळ लागला, ठोके किती, आणि कसं वाटलं. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलगी त्याच रस्त्याने, मैदानापासून कालव्यापर्यंत आणि परत, त्याच वेगाने पळते. महिन्यापूर्वी त्या वेगाला १५८ ठोके पडत होते आणि आता १४८ पडतात, म्हणजे हृदय मजबूत होतंय. मैदानावरची वेळ सुधारण्याआधीच वही हे सांगते.

आणि या वहीनेच आम्हाला एक दुसरी गोष्ट दाखवली. पाच मुलींचे ठोके हळूहळू खाली येत होते. सहावीचे येत नव्हते. ती जरा वेगाने चालली तरी १५० च्या पुढे, आणि पळाली की धाप लागायची. घरचे म्हणायचे, आळशी झालीस. मैदानावरचे म्हणायचे, आणखी पळ, दम वाढेल. बोटांनी मोजूनही आकडा तोच आला, म्हणजे घड्याळ खोटं नव्हतं. आशाताईंनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात.

हे असं का होतं? प्राणवायू वाहून नेण्याचं काम हिमोग्लोबिनचं. तेच कमी असेल तर हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. मोठा हंडा नसला आणि कळशीनेच पाणी भरायचं झालं तर खेपा जास्त होतात, तसंच हे. अशा मुलीला आणखी पळवणं म्हणजे विहिरीला पाणी नसताना मोटार चालू ठेवणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. आपल्या घरात तो नसेल असं कुणी गृहीत धरू नये.

त्या मुलीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी चहासोबत किंवा चहाच्या लगेच मागेपुढे घ्यायची नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळ्यासोबत ते चांगलं लागतं. शौचाला काळं झालं तर घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत. बरं वाटलं तरी डॉक्टर सांगतील तितके महिने घ्यायच्या, कारण अंगातला साठाही भरायचा असतो. डॉक्टरांनी पळणं थांबवून फक्त चालायला सांगितलं. काही आठवड्यांनी त्याच रस्त्यावर, त्याच चालीला तिचे ठोके कमी दिसू लागले. आज ती पुन्हा मैदानावर आहे. ती आळशी नव्हती, हे त्या वहीत लिहिलेलं आहे.

पण लक्षात ठेवा, ठोके जास्त म्हणजे रक्तक्षयच असं नाही. ऊन, कमी पाणी, कमी झोप, येऊ घातलेला ताप, थायरॉइड, अशी बरीच कारणं असतात. पाळी येण्याआधीच्या दिवसांत पहाटेचे ठोके दोन-चारने जास्त असणंही नेहमीचं आहे. घड्याळ कारण सांगत नाही, ते फक्त तपासणीला जा म्हणतं. सकाळी उठण्याआधी पडल्या पडल्या ठोके मोजायचे. नेहमीपेक्षा आठ-दहा जास्त असतील तर त्या दिवशी आराम. आणि पळताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा ठोके वेडेवाकडे पडू लागले तर घड्याळ काहीही म्हणो, तिथेच थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

सोडून द्यायचे आकडे कोणते? पहिला कॅलरींचा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात घड्याळं आणि पट्टे तपासले. बहुतेकांचे ठोके बऱ्यापैकी बरोबर निघाले, पण कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं. तेव्हा तो आकडा बघून भाकरी कमी करू नका. पळणाऱ्या मुलीला पोटभर जेवण लागतं, त्यात डाळ, उसळ, अंडी, पालेभाजी हवी. स्वस्त घड्याळावर दाखवलेला रक्तदाब आणि साखरही धरून चालू नका. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांपासून सावध राहा, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये दिला आहे. कुणाच्या घरी मधुमेह असेल तर हे नक्की सांगा.

घ्यायचंच झालं तर दुकानदाराला एक प्रश्न विचारा. घड्याळात स्वतःचा जीपीएस आहे, की ते मोबाइलचा वापरतं? मोबाइलचा वापरत असेल तर पळताना फोन सोबत न्यावा लागेल.

शेवटी जपून वागण्याची गोष्ट. घड्याळ मोबाइलला जोडलं की मुलगी कुठून निघते, किती वाजता, कोणत्या रस्त्याने जाते हे सगळं ॲपमध्ये साठतं. काही ॲप हा नकाशा सगळ्यांना दाखवतात. २०१८ साली अशाच एका ॲपच्या नकाशावरून परदेशातल्या लष्करी तळांवरचे पळण्याचे रस्ते उघडे पडले होते. सैनिकांची ही गत, मग आपल्या मुलीचा रोजचा रस्ता अनोळखी माणसाला का दिसावा? ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन नकाशा ‘फक्त मी’ असा करा, जमत नसेल तर शिकलेल्या मुलीकडून करून घ्या. पाळीच्या तारखा भरल्या असतील तर त्याही तिच्याच, घरातल्या दुसऱ्या कुणी उघडून बघायच्या नाहीत. पहाटे दोघी-तिघींनी मिळून जायचं आणि ११२ हा नंबर पाठ ठेवायचा.

घड्याळ नाही म्हणून कुणी अडून बसू नका. वही, टेप, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा आणि दोन बोटं एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होतं. पुढच्या बैठकीत पळणाऱ्या मुलींना बोलवा, सगळ्यांचे बसल्या जागी ठोके मोजा, आणि गटातल्या बायांसकट सगळ्यांची हिमोग्लोबिनची तपासणी कधी करायची याची तारीख त्याच बैठकीत ठरवून टाका.