बोलावण्याची परिचर्या कीं पूर्णवेळ नोकरी?

गेल्या ज्येष्ठांत, पावसाची पहिली झड सुरू असतां, माझी एक जुनी विद्यार्थिनी मंडणगडास माझ्या घरीं आली. परिचारिकेचें शिक्षण पूर्ण झालेलें, पदरीं तीन वर्षांची मुलगी, यजमान मुंबईस कामाला आणि घरीं वृद्ध सासूबाई. तालुक्याबाहेरील एका खासगी इस्पितळानें तिला दोन कामें देऊं केलीं होतीं. गरज पडेल तेव्हां बोलावणें आणि त्या पाळीपुरते पैसे, हें एक. दरमहा पगाराची पूर्णवेळ नोकरी, हें दुसरें. "गुरुजी, कोणतें धरूं?" तिनें विचारलें. पहिल्यांत दर पाळीचे पैसे अधिक आणि घरीं राहण्यास सवड. साहजिकच तिचें मन तिकडे ओढत होतें.

आम्ही कागद घेऊन बसलों. समजा, एका बोलावण्याचे एक हजार रुपये आणि नोकरीचा पगार अठरा हजार. म्हणजे महिन्यांत अठरा बोलावणीं आलीं तरच बरोबरी. इस्पितळांत रुग्ण कमी झाले कीं बोलावणीं कमी होणार. रिकाम्या खाटेचा तोटा मग मालकाऐवजीं परिचारिकेच्या पदरीं पडतो.

हा अनुभव मजला परका नव्हता. आरंभीं मी बदली शिक्षक होतों. कायम शिक्षक रजेवर गेले तरच मला वर्ग मिळे. दुसऱ्याचें आजारपण ही आपली मिळकत, हा विचार मनाला फार खाई.

एकट्यादुकट्याचीच ही गोष्ट नव्हे. अमेरिकेंत १९२९ च्या मंदीपूर्वीं बहुसंख्य शिक्षित परिचारिका घरोघरच्या बोलावण्यांवर काम करीत. मंदी आली, बोलावणीं आटलीं आणि हाताला काम उरलें नाहीं. पुढें त्यांतील पुष्कळशा इस्पितळांच्या कायम नोकरींत गेल्या.

आपल्याकडे १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यास सेवासदन काढलें आणि तेथील स्त्रिया परिचर्या शिकूं लागल्या. त्यांत रुग्णसेवा होतीच. पण स्त्रीनें स्वतःच्या पायांवर उभें राहावें, हाही हेतु होता. मिळकतीचा भरंवसा नसेल तर तो हेतु अर्धाच साधतो.

मग मी तिला विचारलें, "दोनदां 'येत नाहीं' म्हणालीस, तर तिसरें बोलावणें येईल ना?"

ती थांबली. "तें सांगतां येत नाहीं, गुरुजी."

श्रोतेहो, सारें मर्म येथें आहे. ज्याला 'नाहीं' म्हणतां येतें, त्यालाच बोलावण्याचें काम स्वातंत्र्य देतें. निवृत्तिवेतन मिळणाऱ्या परिचारिकेला, पुढील शिक्षण घेणारीला किंवा घरांत दुसरी पुरेशी मिळकत असणारीला तें शोभतें. ज्या घरची चूल त्याच पैशांवर पेटते, तिला नकार देतां येत नाहीं. मग ती चोवीस तास बांधलेली, पण पगार मात्र पाळीपुरता. त्यांतून आमच्या तालुक्यांत रेल्वे नाहीं; मध्यरात्रीं भरपावसांत बोलावणें आलें तर बाईनें घाट उतरावा कसा?

हक्कांचाही विचार हवा. २०१७ सालच्या सुधारणेनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली. पण तिच्यासाठीं आदल्या वर्षभरांत ८० दिवस काम केल्याचें दाखवावें लागतें. हजेरीपटावर नांवच नसेल तर तें सिद्ध करणें कठीण. म्हणून बोलावण्याचें काम पत्करणारीनेंही नेमणुकीचा कागद मागावा आणि प्रत्येक पाळीची तारीख वहींत टिपून ठेवावी.

माझ्या विद्यार्थिनीनें पूर्णवेळ नोकरी पत्करली. मात्र रात्रपाळ्यांचें कोष्टक महिनाभर आधीं मिळावें, ही अट लेखी घेतली. तें कोष्टक आतां सासूबाईंच्या देव्हाऱ्याशेजारीं लटकतें. मुलीच्या वांट्याला आई कमी येते, हें मी लपवीत नाहीं. पण कोणत्या रात्रीं आई घरीं असेल, हें त्या पोरीला आधीं ठाऊक असतें. परवां तिनेंच मला बोटें मोजून सांगितलें, "आजोबा, अजून दोन रात्री."